निर्वातातील प्रकाशबिंदू

फायलो फार्न्सवर्थ या अमेरिकी संशोधकाचे नाव दूरचित्रवाणीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे येते तितके ते अणुसंमीलनाच्या इतिहासात येत नाही. तरीही त्यांचे सारे आयुष्य एकाच वस्तूभोवती, म्हणजे हवा उपसून काढलेल्या बंद नळीभोवती, फिरत राहिले असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १९०६ साली युटा राज्यात जन्मलेल्या आणि आयडाहोतील शेतावर वाढलेल्या फार्न्सवर्थ यांनी ऐन एकविशीत, ७ सप्टेंबर १९२७ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एका साध्या रेषेचे चित्र पाठवून दाखवले, ते अशाच नळीच्या आधारे. पुढे मल्टिपॅक्टर ही इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारी नळी हाताळताना तिच्या मध्याजवळ, काचेला न टेकता तरंगणारा प्रकाशाचा ठिपका त्यांच्या नजरेस पडला, असे सांगितले जाते. दुसऱ्या कोणी दोष म्हणून सोडून दिला असता असा हा ठिपका त्यांनी मनात जपला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात इंडियानातील फोर्ट वेन येथे, आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्यातूनच फ्यूजर हे उपकरण उभे राहिले. त्याचे पेटंट १९६६ साली मिळाले आणि १९७१ साली फार्न्सवर्थ निवर्तले.

अणुसंमीलन म्हणजे हलक्या अणुकेंद्रांनी एकत्र येऊन जड केंद्र बनवणे. ही केंद्रे धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात, आणि त्यांचा हा विरोध मोडायचा तर त्यांना प्रचंड वेग द्यावा लागतो. सूर्याच्या गाभ्यात हे काम उष्णता आणि गुरुत्व मिळून करतात, तर फ्यूजरमध्ये ते विजेच्या दाबावर सोपवलेले असते : पात्राच्या मध्यभागी तारेच्या कड्यांची पोकळ, गोलसर जाळी टांगून तिला हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला की आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्याने धनभारित झालेले अणू, चहूबाजूंनी तिच्याकडे ओढले जातात आणि कड्यांमधल्या मोकळ्या जागेतून आत शिरून केंद्राजवळ एकमेकांना भिडतात. दहा हजार व्होल्टमधून घसरलेल्या आयनाची ऊर्जा तापमानाच्या हिशेबात मांडली तर ती सुमारे साडेअकरा कोटी केल्व्हिनशी जुळते. या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नये, कारण बहुतेक आयन आपली ऊर्जा वाटेतल्या साध्या वायूवर किंवा जाळीच्या तारेवर आदळून गमावतात.

घरी बांधला जाणारा प्रात्यक्षिक फ्यूजर तर संमीलन करतच नाही. त्यात हवा किंवा आर्गॉन असतो, आणि तो केवळ जाळीतला जांभळट प्रकाशगोल व तिच्या झरोक्यांतून बाहेर पडणारे किरण दाखवतो. या ताराकृती झगमगाटाचे आकर्षण समजण्यासारखे असले, तरी बांधणाऱ्याचा खरा काळ जातो तो पात्र रिकामे करण्यात.

वातावरणाचा दाब ७६० टॉर धरला, तर येथे साधारण ०.०५ टॉर, म्हणजे त्याच्या पंधरा हजाराव्या भागाइतका दाब लागतो. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर वापरतात तो दोन टप्प्यांचा पंप सुस्थितीत असेल तर एवढे काम करतो. परंतु पंप चालू असूनही दाबमापीचा आकडा एका जागी अडून बसतो तेव्हा दोष कोठे आहे हे ओळखावे लागते. त्यासाठी पंप आणि पात्र यांच्यामधली झडप बंद करून दाब कसा वाढतो ते पाहावे. तो एकसारख्या गतीने वाढतच राहिला तर गळती आहे असे समजावे. आधी भरभर वाढून मग मंदावला तर आतल्या पृष्ठभागांना चिकटलेली पाण्याची वाफ, पंपाचे तेल किंवा बोटांचा चिकटपणा हळूहळू वायुरूपाने सुटतो आहे, आणि त्यावर उपाय स्वच्छता, थोडी ऊब आणि धीर हाच. गळती शोधण्यासाठी संशयित सांध्यावर अल्कोहोलचे थेंब सोडतात, आणि मापीचा काटा दचकला की ओ-रिंग, म्हणजे सांध्यातले रबरी कडे, तपासायला घेतात. सर्वांत छळणारी ती आभासी गळती : आंधळ्या भोकात बसवलेल्या स्क्रूच्या तळाशी अडकलेली हवा आट्यांमधून तासन्‌तास झिरपत राहते, बाहेरून कितीही अल्कोहोल लावले तरी तिचा पत्ता लागत नाही, आणि शेवटी स्क्रूच्या एका बाजूला कानस मारून हवेला वाट करून दिली की ती एकदाची थांबते.

विजेच्या बाजूचे घोटाळे निराळे. निऑनच्या पाट्यांसाठीच्या जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरवर १५,००० व्होल्ट असे लिहिलेले असते, पण त्याच्या गुंडाळीचा मध्यबिंदू बहुधा अर्थला जोडलेला असल्याने प्रत्येक टोकाला जमिनीच्या तुलनेत निम्माच दाब मिळतो. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड उलटे बसले तर जाळी धनभारित होते आणि आयन आत येण्याऐवजी बाहेर पळतात. वायू जास्त असेल तर सगळे पात्र फिकट उजळते. तो कमी होत गेला की प्रकाश जाळीत आक्रसतो. आणि फारच विरळ झाला की अणूंच्या टकरी कमी पडून, तेवढ्याच व्होल्टला, प्रकाश विझतो. जाळीचा एक झरोका इतरांहून मोठा राहिला तर त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटून समोरची काच एकाच ठिकाणी तापवतो. वीस हजार व्होल्टच्या पुढे काचेतून क्ष-किरणही बाहेर येऊ लागतात, म्हणून तेथे डोळ्यांऐवजी कॅमेरा ठेवणे शहाणपणाचे. मात्र त्याहून फार कमी दाबाची ही वीजसुद्धा एका स्पर्शात जीव घेऊ शकते, हे विसरता येत नाही.

१९५५ साली जिनिव्हात भरलेल्या अणुऊर्जेच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलन साध्य होईल असे भाकीत केले होते. त्या आशेच्या काळातच फ्यूजर वाढला. फार्न्सवर्थ यांचे सहकारी रॉबर्ट हर्श यांनी १९६७ साली त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्याच हर्श यांनी पुढे अमेरिकी सरकारच्या संमीलन कार्यक्रमाची सूत्रे हाती आल्यावर टोकामाक या चुंबकीय यंत्राला बळ दिले. हा निवाडा योग्यच म्हणावा लागतो, कारण ड्युटेरिअम या जड हायड्रोजनावर चालणारा फ्यूजर सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन देत असला तरी संमीलनातून मिळणारी शक्ती जेमतेम एक मायक्रोवॅट भरते, आणि त्यासाठी शेकडो वॅट खर्ची पडतात.

ड्युटेरिअम ज्यातून मिळते ते जड पाणी रायगड जिल्ह्यातील थळ येथे तयार होते खरे, परंतु ते अणुऊर्जा कायद्याच्या नियंत्रणाखाली आहे. तेव्हा येथील हौशी मंडळींनी हवा आणि आर्गॉन यांवरच समाधान मानावे, विजेची जोडणी जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी, आणि पैसे कमी पडत असतील तर ते पात्राच्या देखणेपणावर वाचवावेत, पंपावर वाचवू नयेत.