सुरंगीचं देणं

२०१४ च्या गारपिटीत आमची बाग गेली तेव्हा घड तोडणीला आले होते. व्यापारी बाग बघून गेला होता, भावही ठरला होता. निफाड तालुक्यातल्या कितीतरी घरांची त्या मार्चात हीच गत झाली. मणी फुटले, काड्या सोलवटल्या, आणि चार दिवसांत शिवारभर आंबलेल्या द्राक्षांचा वास सुटला. दादांच्या मागे पंचनामा, बँक, सोसायटी अशी धावपळ तरी होती. आईला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. एरवी त्या दिवसांत ती तोडणीच्या बायांवर उभी असायची. आता ओट्यावर बसून राहायची. वास येतो म्हणून पदर नाकाला लावायची आणि जेवायची नाही.

अशात काकूंचा फोन आला. गुरुजी आणि काकू मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीचे. गुरुजींच्या नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आमच्या वाड्यात भाड्याने काढली होती. फोनवर त्यांनी नुकसानीचं अवाक्षर काढलं नाही. दादांना एवढंच म्हणाल्या, "सुरंगी फुललीय, कामाला माणूस नाही. हिला पाठवून द्या." एप्रिलच्या खरड छाटणीला अवकाश होता. आई नको नको म्हणत असताना दादांनी आम्हा दोघींना गाडीत बसवून दिलं.

निफाडात मार्च म्हणजे तापू लागलेली काळी जमीन. आसोलीत मात्र तांबड्या जांभ्यावर उभी हिरवी परसं. मोरीचं पाणी केळीच्या बुडाशी सोडलेलं, माडाच्या आळ्यांत पाचोळा अंथरलेला, तुळशीपाशी अबोली. काजूला लाल-पिवळी बोंडं लटकत होती. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-४' जातीची दोन कलमं गुरुजींनी निवृत्तीनंतर लावली होती आणि आल्यागेल्याला ते ती अगत्याने दाखवत. बागायतदाराची लेक म्हणून मला तर त्यांनी प्रत्येक फांदी दाखवली.

सुरंगीचं झाड मात्र कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. घरामागे, कुंपणाच्या कडेला, ते गुरुजींच्या आजोबांच्याही आधीपासून होतं. गर्द, जाड पानांचं, सदा हिरवं. याची फुलं शेंड्याला येत नाहीत. पानांच्या खाली, जून फांद्यांनाच गच्च लगडतात. टपोरी गोल कळी उमलली की चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधे केशरी-पिवळ्या केसरांचा झुबका. उन्हं वर आली की मधमाश्यांची अशी झुंबड उडते की झाड घुमायला लागतं. म्हणून तोडणी पहाटेची. खाली जुनी लुगडी अंथरायची, शिडी लावायची, आणि उमलायच्या बेतातल्या कळ्या तेवढ्या खुडायच्या.

पहिल्या पहाटे काकूंनी आईला उठवलं आणि तिच्यापुढे सूप ठेवलं. केळीच्या सोपटाचे धागे भिजवून ठेवलेले होते. दोन बोटांत फुलाचा देठ, वरून धागा, एक पीळ, की पुढचं फूल. आईची बोटं द्राक्षाच्या घडातले मणी विरळायला सरावलेली, त्यामुळे तिला ते लगेच साधलं. तिसऱ्या की चौथ्या वळेसराला (तिकडे सुरंगीच्या गजऱ्याला वळेसर म्हणतात) तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गारपिटीनंतर ती प्रथमच रडत होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या, "रडाचा आसात तर रड गो बाय, पण हात थांबवू नको."

आईने हात थांबवला नाही. सकाळी गुरुजी वळेसर घेऊन वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले आणि दुपारी आले ते पैसे त्यांनी आईच्या हातावर ठेवले. ते मदतीचे नव्हते, तिच्या मजुरीचे होते. मला आजही वाटतं, काकूंनी केलेलं सर्वांत मोठं काम हेच. आमच्याकडे भेटायला येणारी माणसं हळहळून जात होती. त्यांची माया खोटी नव्हती, पण आईला हवं होतं ते त्या घरात मिळालं. त्या रात्री ती पेज आणि सुक्या बांगड्याचं कालवण पोटभर जेवली.

सुरंगीचा बहर सरत आला तसे आम्ही परतलो. दादांनी छाटणी घेतली, बाग पुन्हा उभी राहिली. सुरंगीचं रोप नेण्याचा आईचा फार हट्ट होता. काकूंनीच तो मोडला. बियांच्या रोपाला फुलायला वर्षानुवर्षं लागतात, आणि निफाडची थंडी त्याला सोसायची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी सोनचाफ्याचं कलम दिलं. ते विहिरीजवळ रुजलंय, पहिली दोन वर्षं थंडीत आई त्याला रात्री गोणपाट गुंडाळायची.

गुरुजी गेले, मागोमाग काकूही. त्यांचा मुलगा दर मार्चअखेरीस वाळवलेल्या सुरंगीची पिशवी धाडतो आणि आमच्याकडून मनुका जातात. यंदा त्याची मुलगी नाशिकला शिकायला येते आहे. वसतिगृहात जागा मिळत होती, पण आईने दादांकरवी फोन लावून सांगितलं, पोरगी निफाडात राहील, रोज एसटीने जाईल-येईल. तो संकोचाने खर्चाचं बोलायला लागला तेव्हा आईने फोन आपल्या हातात घेतला आणि त्याला म्हणाली, "तोडणीला माणूस कमी पडतं रे आमच्याकडे. सुट्टीच्या दिवशी येईल ती माझ्यासोबत बागेत, मजुरी देईन."