अण्णांची खपली

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. शिवाजी पेठेत निवृत्ती चौकापासून चार पावलांवर आमचं जुनं घर, आणि घरामागच्या गोठ्यात अण्णांच्या दोन म्हशी. पेठेत आता असे गोठे राहिलेत किती? शेजारच्या अपार्टमेंटवाल्यांनी वासाची तक्रार करून झाली, बाबांनी समजावून झालं, पण अण्णा म्हशी विकत नाहीत. तरुणपणी तालमीच्या मातीत लोळलेला माणूस. घरचं दूध सुटलं की आपण संपलो, असं त्यांचं ठाम मत आहे.

तर गेल्या वर्षी ऑक्टोबरात अण्णांना ताप आला. मी पुण्यात, हिंजवडीत. रिलीज तोंडावर आलेलं, त्यामुळे मी आमच्या धंद्यातले लोक करतात तेच केलं. एक एक्सेल शीट उघडली. ताप, प्लेटलेट, पाणी किती प्यायले, लघवी कितीदा झाली... सगळे कॉलम. रोज सकाळ-संध्याकाळ फोन.

"काय नाही रे, जरा कणकण हाय. तू कशाला जीव टांगून बसलाईस?"

डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, पण प्लेटलेट कमी होत्या. टायफॉइडची टेस्ट 'किंचित' पॉझिटिव्ह. (ही किंचित पॉझिटिव्ह भानगड मला आजही कळलेली नाही.) मी गूगल करून छातीठोकपणे सांगितलं, "अण्णा, व्हायरल आहे, आठवड्यात जाईल. तुम्ही फक्त पाणी पीत राहा." शेजारच्या वहिनी पपईच्या पानांचा रस देऊन गेल्या. पाचव्या दिवशी त्यांना एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. सलाईनमधून महागडं अँटिबायोटिक सुरू झालं. ताप ढिम्म. आठव्या दिवशी बाबांचा फोन आला, "अण्णाला दम लागतोय. तू ये." बाबा असं तोडून कधी बोलत नाहीत. लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी स्वारगेट गाठलं.

मी पोचलो तेव्हा नवीन आलेल्या एक तरुण डॉक्टर अण्णांच्या कॉटशी उभ्या होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, "यांना कपडे काढून नीट कुणी तपासलंय का?" दुसरा, "महिन्याभरात रानात कुठे गेले होते का?"

दुसऱ्याचं उत्तर काकूंनी दिलं. "पन्हाळ्याच्या पलीकडं, माझ्या माहेरच्या डोंगरावर. गवत कापायला. दरवर्षी जात्यात की." तापाच्या आधी दहा-बारा दिवस अण्णा तिकडे जाऊन आले होते. माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

पहिल्या प्रश्नावर अण्णा बिथरले. "आता ह्या वयात पोरीसमोर लंगोट सोडू व्हय?" शेवटी बाबांनी पडदा धरला. जांघेत, लंगोटाची पट्टी बसते तिथेच, एक काळी खपली होती. सिगारेटचा चटका दिल्यासारखी, कडेने लाल. दुखत नव्हती, खाजत नव्हती. अण्णांना ती पहिल्यापासून ठाऊक होती! लंगोट काचला असेल म्हणून बोलले नाहीत.

"स्क्रब टायफस," डॉक्टर म्हणाल्या, आणि रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. त्या आधीच्या महागड्या औषधापुढे अगदीच किरकोळ किमतीचं. दोन दिवसांत ताप उतरला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी म्हशींची चौकशी केली, तेव्हा काकू पहिल्यांदा रडल्या.

घरी सगळ्यांनी म्हशीच्या गोचिडांवर खापर फोडलं. मलाही तेच वाटलेलं. पण त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर वाचत बसलो आणि झोपच उडाली. गुन्हेगार गोचीड नव्हता. त्याचं नाव चिगर. कोळी-गोचिडांच्या गोतातलाच, पण जेमतेम ०.२ मिलिमीटर. ही एका माइटची सहा पायांची पिल्लं. जमिनीत अंड्यातून बाहेर पडतात, गवताच्या टोकाला चढून बसतात आणि रानउंदीर जवळून गेला की त्याला चिकटतात. रक्त पीत नाहीत. लाळेने कातडी विरघळवून तो रस दोन-चार दिवस पितात आणि गळून पडतात. पुढचं सगळं आयुष्य मातीत, किड्यांची अंडी खात. म्हणजे हा प्राणी जन्मात एकदाच कुणाला तरी चावतो. बस्स.

इथे मी अडखळलो. एकदाच चावत असेल, तर उंदराकडून जंतू घेऊन माणसाला देणार कधी? लॉजिक बसत नाही ना?

उत्तर असं, की जंतू तो आईकडून घेऊन जन्माला येतो. ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी नावाचा हा बॅक्टेरिया माइटच्या पेशींच्या आत राहतो आणि अंड्यातून आईकडून पिल्लांकडे जातो, पिढ्यान् पिढ्या. काही जातींत तर बाधित माद्यांना फक्त मुलीच होतात. का ते उघड आहे, वारसा मुलींकडूनच पुढे चालणार. उंदराकडून चिगराला जंतू क्वचितच लागतो, आणि लागला तरी तो सहसा पुढच्या पिढीत जात नाही. मी उंदराला सर्व्हर समजत होतो, तो निघाला रस्त्यावरचा वडापावचा गाडा. आणि अण्णा? ते चुकून गाड्यासमोर उभे राहिलेले.

प्लेगचं याच्या बरोबर उलट. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरातही प्लेग येऊन गेला, त्यामुळे उंदीर-पिसू ही जोडी आपल्या आजीलाही माहीत असते. प्लेगचा जंतू पिसवेच्या घशाखाली बोळा बसवतो. उपाशी पिसू पिसाटल्यासारखी चावत सुटते आणि शेवटी स्वतःही मरते. ओरिएंशिया मात्र ज्या घरात राहतो ते घर जाळत नाही. त्याला साथ पसरवायची घाई नाही. म्हणून त्याच्या बातम्याही होत नाहीत. आणि म्हणूनच तो डॉक्टरांच्या डोक्यात लवकर येत नाही.

अधूनमधून मात्र तो हिशेब चुकता करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात हजारो सैनिक यानेच आडवे केले, आणि तेव्हा औषधच नव्हतं. १९४८ साली क्वालालंपूरमध्ये क्लोरँफेनिकॉलने लोक बरे होतात हे दिसलं. गोरखपूरला पावसाळ्यात लहान मुलांचा मेंदूज्वर वर्षानुवर्षं बळी घेत होता. त्यातल्या मोठ्या वाट्यामागे हाच जंतू आहे, हे गेल्या दशकात आयसीएमआरच्या अभ्यासातून पुढे आलं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या विदर्भात साथ आली, माणसं गेली. आणि २०२३ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात हॉस्पिटलांत, सुमारे आठशे रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं की आजार गंभीर असेल तर डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून देणं एकेकट्यापेक्षा चांगलं.

ते महागडं औषध का चाललं नाही, तेही तिथेच कळलं. पेनिसिलिनच्या गोतावळ्यातली औषधं जंतूची भिंत फोडतात. याची भिंत नावापुरतीच, आणि हा बसलेला आपल्या पेशीच्या आत.

डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये मला. प्रत्येकाला खपली उठतेच असंही नाही, आणि अण्णांची होती ती लंगोटाखाली. मला खटकतं ते माझं. बारा कॉलमची शीट केली, रोज दोनदा फोन केला, आणि "अण्णा, ताप यायच्या आधी तुम्ही काय करत होता?" एवढं एकदाही विचारलं नाही. ऑफिसात बग आला की पहिला प्रश्न हाच विचारतो की आम्ही. काय बदललं होतं शेवटचं?

यंदा गवत विकत घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. अण्णा गेलेच. पण मी दिलेले गमबूट घालून, पूर्ण बाह्यांचा शर्ट, अंगाला ते मच्छरवालं मलम चोपडून. संध्याकाळी मी फोन लावला.

"अण्णा, आल्या आल्या आंघोळ केली का? अंगावर बघितलंत कुठे?"

"तुझी काकू सोडती व्हय? बॅटरी घेऊन दारातच उभी हाय."