अस्वलाखालचा प्रदेश

'आर्क्टिक' म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरं अस्वल येतं. शब्दातही अस्वल आहेच, पण ते बर्फावरचं नव्हे. ग्रीक 'आर्क्तोस' म्हणजे अस्वल, आणि आकाशातल्या ज्या तारकासमूहात आपले सप्तर्षी येतात त्यालाही ग्रीक लोक हेच नाव देत. 'आर्क्तिकोस' म्हणजे त्या अस्वलाकडचं, म्हणून उत्तरेकडचं. 'अंटार्क्टिक' म्हणजे त्याच्या समोरच्या बाजूचं. दक्षिणेकडच्या त्या खंडावर अस्वल नाही, हा मात्र निव्वळ योगायोग.

*

प्राचीन ग्रीसमधून पाहताना हे अस्वल कधी मावळत नसे. ते समुद्रात उतरत नाही, असं होमरच्या काव्यातही येतं. न मावळणाऱ्या ताऱ्यांना कवेत घेणारं वर्तुळ, तेच ग्रीकांचं आर्क्टिक वर्तुळ. ते आकाशात होतं, आणि पाहणारा उत्तरेला सरकला की मोठं व्हायचं. आज नकाशावर सुमारे 66.5 अंशांवर जी रेघ असते, तिचा हिशेब सूर्यावरून केलेला आहे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, त्यामुळे इथे सातही ऋषी मावळतात. हा शब्द आपल्याकडे घडलाच नसता.

*

तरी त्याचं सख्खं भावंड आपल्या घरात आहे: 'ऋक्ष'. आर्क्तोस, लॅटिन 'उर्सुस', संस्कृत 'ऋक्ष' ही एकाच मुळाची फळं. हिंदीतला 'रीछ' यातूनच आला. जांबवान तर ऋक्षराजच. संस्कृतात ऋक्ष म्हणजे नक्षत्रही. सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. अस्वलांचे ऋषी कधी आणि कसे झाले, या विचाराने मी आजही कोश उघडून बसतो.

*

लॅटिनात उत्तरेला 'सेप्टेंत्रिओ' म्हणत. अर्थ नांगराचे सात बैल. तारे तेच सात. आपली 'उत्तर' मात्र ताऱ्यांकडे जात नाही. उद् अधिक तर, म्हणजे अधिक उंचावरची.

*

सर्वांत जास्त मी अडतो ते इथे. जिथे अस्वलं खरोखर माणसाच्या वाटेत येत, त्या उत्तर युरोपातल्या भाषांनी हा जुना शब्द टाकून दिला. रशियनमध्ये अस्वल 'मेद्वेद', म्हणजे मध खाणारा. आपल्या 'मधु' आणि 'अद्' या धातूचेच ते नातलग. नॉर्वेजियन 'ब्यर्न' म्हणजे तपकिरी, असं बरेच अभ्यासक मानतात. नाव घेतलं की जनावर येईल, ही शिकाऱ्यांची धास्ती यामागे असावी, असं सांगतात. मला हे पटतं. गावाकडे रात्री सापाला 'साप' म्हणत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात. आणि नॉर्वेत पांढऱ्या अस्वलाला म्हणतात 'इसब्यर्न': बर्फातला तपकिरी!

*

टिळकांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' 1903 चं. ऋग्वेदातले ऋक्ष 'उंच' ठेवलेले आहेत, यावरून ते थेट डोक्यावरचे, म्हणून पाहणारे ध्रुवाजवळचे, असा त्यांचा तर्क होता. अभ्यासकांनी तो सिद्धान्त स्वीकारला नाही. मलाही वाटतं, 'उंच' म्हणायला तारे अगदी माथ्यावर लागत नाहीत. वसंतातल्या रात्री पंजाबातूनही सप्तर्षी चांगलेच वर दिसतात. पण एका शब्दाला एवढं वजन देऊन वाचणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

*

स्वालबार्ड बेटांवर, 79 अंशांच्या जरा अलीकडे, 'हिमाद्री' हे भारताचं संशोधन केंद्र 2008 पासून आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोतून चालतो. बरीच वर्षं आपले शास्त्रज्ञ तिथे मुख्यतः उन्हाळ्यात जात. तेव्हा सूर्य मावळत नाही आणि तारा दिसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये पहिली हिवाळी तुकडी गेली. त्या अखंड रात्रीत आभाळ निरभ्र असेल तर सप्तर्षी क्षितिजापासून बरेच वर फिरत राहतात, मावळत नाहीत. वस्तीबाहेर पडताना मात्र बंदूक बरोबर लागते, जमिनीवरच्या अस्वलासाठी.