वेल्ह्याच्या वाट्याची पाच घरं

पुणे जिल्ह्याचं आरोग्य कसं आहे, असं विचारणाऱ्याच्या हाती आम्ही लोकसंख्याशास्त्रवाले जिल्ह्याचा आकडा ठेवतो. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार भरली. त्यात भोर तालुका १ लाख ८६ हजारांचा आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) जेमतेम साडेचोपन्न हजारांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी एका जिल्ह्यातली सरासरी नऊशेच्या आसपास घरं घेते. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली, तर वेल्ह्याच्या वाट्याला पाच येतात. पण पाहणी अशी सुटी घरं वेचत नाही. ती एखादं गाव किंवा शहरातला एखादा भाग निवडते आणि तिथली बावीस घरं घेते. म्हणजे ढोबळ हिशेबाने चार पाहण्यांतल्या एखादीत वेल्ह्यातलं एक गाव लागेल, उरलेल्या तिन्हींत तालुका गैरहजर. यात पाहणीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. तिने जिल्ह्याचा अंदाज द्यायचा असतो, आणि तो ती चोख देते. तोच अंदाज घेऊन तोरण्याच्या पायथ्याच्या बाळंतिणीबद्दल बोलू लागतो, तो अभ्यासक चुकतो.

मग तालुक्यातच उतरून पाहणी करावी, हे ओघाने आलं. पण विषमतेच्या अभ्यासाचा निकाल प्रश्नावलीच्या आधी, घरयादीतच लागतो, असं माझं म्हणणं आहे. यादीसाठी कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. भोर-वेल्ह्यात या व्याख्येची दमछाक होते. म्हातारी माणसं गावात, एक मुलगा शिरवळच्या कारखान्यात, दुसरा मुंबईत, आणि भाताचं पोतं व महिन्याचे पैसे दोन्ही बाजूंनी फिरतात. अशा घराला गरीब म्हणायचं की बऱ्यापैकी, हे कुणाला ‘राहतो’ म्हणून लिहिलं त्यावर ठरतं. जन्माचंही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, अडलेलं पुण्याच्या दवाखान्यात. १९६९च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदतात. म्हणून तालुक्याच्या जन्मनोंदी पाहून तिथे मुलं किती जन्मली ते कळत नाही. पुण्याच्या नोंदींतली वेल्ह्याच्या आयांची बाळं वेगळी काढावी लागतात आणि ते कंटाळवाणं काम बहुतेक अभ्यास टाळतात.

त्याहून अवघड मामला वाड्यांचा. गावठाणातली घरं यादीत सहज येतात. डोंगरसोंडेवरचा धनगरवाडा, धरणाच्या फुगवट्यापलीकडची वाडी, गावाच्या शिवेवरची कातकरी वस्ती यांना ‘हे त्याच गावात धरलंय’ एवढ्यावर उरकलं जातं. पाहणीचा हंगामही त्यांच्या विरुद्ध जातो. पावसाळ्यात मावळात पाय ठेवायला रस्ता नसतो आणि लावणीच्या दिवसांत घरी कुणी भेटत नाही, म्हणून पथकं दिवाळीनंतर निघतात. नेमकी तेव्हाच अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. दाराला कुलूप दिसलं की ‘घर बंद’ असा शेरा पडतो आणि हिशेबातून घर जातं. गळणारी घरं कुठूनही गळली असती, तर फारसं बिघडलं नसतं. इथे ती एकाच बाजूने, सर्वांत कमी जमीन आणि सर्वांत कमी आरोग्यसेवा असलेल्यांच्या बाजूने, गळतात. उरलेल्यांवरून काढलेली विषमता म्हणूनच खरीपेक्षा सौम्य दिसते.

यावर संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप असतो की एवढ्या लहान तालुक्याचे दर काढणंच फोल आहे. आक्षेप खोटा नाही. हजारी पंधरा जन्मदर धरला, तर वेल्ह्यात वर्षाला आठशेच्या आसपास बाळं. अर्भकमृत्युदर हजारी वीस मानला, तर सोळा मृत्यू. निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी ते दहा होतील, पुढच्या वर्षी बावीस, आणि ‘मृत्यू दुपटीने वाढले’ अशी बातमी छापून येईल. पण यावरून वार्षिक दरांची शर्यत लावू नये, एवढंच निघतं. पाच वर्षांचे आकडे एकत्र करता येतात. शिवाय सोळा मृत्यू म्हणजे सोळा घरं, प्रत्येक घरी जाऊन मूल कधी आजारी पडलं, कुणी पाहिलं, गाडी किती वाजता मिळाली हे विचारता येतं. मोठ्या जिल्ह्याला ही चैन परवडत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगाव नोंदी ठेवून हेच केलं, आणि २००१च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने सरकारी दफ्तरात बालमृत्यू किती कमी नोंदले जातात ते महाराष्ट्राला दाखवलं.

दुसरा आक्षेप मला कमी पटतो. पुणं हाकेच्या अंतरावर असताना वेल्हे मागास कसं, असं विचारतात. अंतर नकाशावर मोजलं तर प्रश्न रास्त वाटतो. पण पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणं वेल्ह्यात, १९२८चं भाटघर भोरमध्ये. पाणी खालच्या शेतांना आणि शहराला गेलं, फुगवट्याने मात्र खोऱ्यातल्याच वाड्या एकमेकींपासून तोडल्या. डोंगरी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष इथे कागदावर सहज बसतो, कारण तो माणसं मोजतो. श्रावणात दुपारनंतर एसटी आहे का, हे मोजत नाही. अशा तुटलेल्या वाड्या हिशेबात आणायच्या तर अहवालाच्या शेवटी ढकललेला बंद घरांचा तक्ता पहिल्या पानावर घ्यावा लागेल, वाडीच्या नावासकट, आणि भट्ट्यांवरची माणसं परतल्यावर, भर पावसात, त्या दारांशी पुन्हा जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच मांडावा लागेल.