हराळी आणि समुद्राकाठचं घर

आमच्या पाथरी तालुक्यात रानात हराळी शिरली की घरात दुखणं शिरल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर ढेकळांतून तिच्या काशा वेचायच्या, ढीग करून वाळवायच्या आणि जाळायच्या. एक पेर जरी ओल्या मातीला टेकलं तरी पावसाळ्यात तिथून पुन्हा जाळं पसरतं. काळ्या जमिनीत तिची मुळं हातभर खाली जातात. माझ्या आईचे किती चैत्र-वैशाख या काशा वेचण्यात गेले याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो तेव्हा तणांच्या तासाला तिचं शास्त्रीय नाव कळलं, सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि ती कशी संपवायची तेही शिकलो. नोकरी मात्र लागली ती हीच हराळी वाढवण्याची. दक्षिण गोव्यात, समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टच्या गोल्फ मैदानावर.

गोल्फवाले ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात ती आपली हराळीच. तिचा आफ्रिकेतल्या एका जातीशी संकर करून अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं काढलेले वाण जगभर गेले. टिफवे आणि टिफड्वार्फ ही त्यांतली दोन नावं आमच्या कामात रोजची होती. समुद्राकडच्या बाजूला, जिथं खारं वारं थेट येतं, तिथं पास्पालम लावतात, कारण ते मीठ सोसतं. चेंडू ज्या भोकात ढकलायचा त्याभोवतीची जागा म्हणजे ग्रीन. तिथलं गवत 3 ते 4 मिलिमीटरवर कापतात. उजाडायच्या आत आम्ही मैदानात असायचो. आधी दव झटकायचं, मग रिळाच्या यंत्राने कापणी, कापलेलं गवत गोळा करून बाहेर. भोकाची जागाही बदलत राहायची, नाहीतर एकाच ठिकाणची माती पायांनी दबते. दिवस वर आला की कर्नाटकातून आलेल्या बाया खुरपी घेऊन ओळीने बसायच्या आणि लव्हाळा काढायच्या. खुरपी तीच, लव्हाळाही तोच. कापसातून काढताना आईची पाठ जशी वाकायची तशाच त्यांच्याही पाठी वाकलेल्या मी रोज पाहिल्या. समुद्राचं दृश्य, हिरवळ, शांतता असं जे जाहिरातीत छापतात ते सगळं या बायांच्या बोटांतून निघतं, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं.

आणि पाण्यातून निघतं. एका एकरावर 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे साधारण 20,000 लिटर. कडक उन्हाळ्यात गवताला रोज एवढं लागतं. स्पर्धा भरवण्याजोगं मैदान म्हणजे 18 होलांचं. त्यातलं पाणी मागणारं गवत 50 एकर धरलं तरी दिवसाला 10 लाख लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर धरले आहेत. त्या मापाने हे 18,000 माणसांचं पाणी, आमच्या गावाएवढ्या डझनभर गावांचं. आमचं मैदान लहान होतं, सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला द्यायची सोय होती. पण एप्रिल-मेमध्ये तेवढ्यावर भागत नसे आणि बोअर चालू करावे लागत.

2016 च्या उन्हाळ्यात गवताच्या पाण्याचा हिशेब मला झोपू देत नव्हता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. आमच्या गावात टँकर आला की आई घागर घेऊन रांगेत उभी राहायची, आणि फोनवर मला विचारायची, ‘तुझ्याकडं पाणी हाय का रं?’ मी ‘हाय’ म्हणायचो आणि पुढं काही बोलता यायचं नाही. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मैदानाच्या गवताला लागणाऱ्या पाण्याची एवढी उघड चर्चा मी त्याआधी ऐकली नव्हती. क्रिकेटचं मैदान गोल्फच्या मैदानापुढं किती लहान असतं हे मला रोज दिसत होतं.

मी गोव्यात काम करत असतानाच भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत सॅन होजेला असतो. त्याचे वडील, म्हणजे माझे दाजी, मानवतला जिनिंगच्या धंद्यात, शेतीही आहे. भाच्याला आमच्या मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या एका घराची जाहिरात सापडली होती. पुढं समुद्र, बाजूला गोल्फ, पोहण्याचा तलाव, चार झोपायच्या खोल्या, किंमत कोटींत. त्याच्या मनात तिकडचं पेबल बीच बसलेलं. कॅलिफोर्नियात समुद्राच्या कड्यावर 1919 मध्ये सुरू झालेलं ते मैदान, आणि त्याच्या आसपासची घरं. ‘मामा, आई-बाबांना म्हातारपणी समुद्र दिसावा एवढंच आहे माझं. तुम्ही तिथंच असता, एकदा नीट बघा.’ त्याच्या बोलण्यात मिरवण्याचा भाग नव्हता. ताईला सांधेदुखी, दाजींना धाप. परभणीचा मे महिना या वयात सोसत नाही हे त्यालाही दिसत होतं.

दाजी आणि ताई नांदेड-पनवेल गाडीने निघाले, पनवेलहून कोकण रेल्वेने मडगावला उतरले. महिना फेब्रुवारी. त्या दिवसांत हा किनारा इतका देखणा असतो की कुणीही भुलेल. आभाळ स्वच्छ, वारा मऊ, मैदान हिरवंगार. ताईने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ती पाण्याच्या कडेला बराच वेळ नुसती उभी होती. मी तिला हाक मारली नाही.

दाजी मैदानाकडे बघत होते. म्हणाले, ‘एवढी हराळी कामून ठेवली यांनी?’

मी सांगितलं की हीच ठेवायची असते. त्यांनी वाकून पातं तोडलं, बोटात फिरवलं, आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘पाणी कुठलं?’ ज्या माणसाच्या गावाजवळून जायकवाडीचा डावा कालवा जातो आणि तरी टोकाच्या शेताला पाळी मिळेल की नाही याची खात्री नसते, त्याच्या तोंडी हाच प्रश्न आधी येणार. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

घर दाखवायला एजंट आला होता, बोलायला गोड माणूस. आत शिरताच समोर काचेची भिंत आणि काचेपलीकडे समुद्र. ताईचा चेहरा खुलला. मला मात्र त्या काठावर राहून एक सवय लागली होती, घर आतून बघण्याआधी समुद्राकडच्या अंगाने बघायची. खाऱ्या हवेतलं मीठ सिमेंटमधून आत झिरपतं आणि सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की वरचं सिमेंट फोडते. गच्चीखालच्या छतावर रंगाचा नवा हात मारला होता, पण त्याखालून तांबूस रेघ निघत होती. एसीच्या बाहेरच्या पेटीचे पत्रे बोटाने दाबले तर चुरत होते. खिडक्यांच्या बिजागऱ्या नव्या होत्या. आठ-नऊ वर्षांच्या घराला नव्या बिजागऱ्या लागाव्यात, यातच सगळं आलं.

या किनाऱ्यावरची जुनी माणसं घर असं पाण्याच्या तोंडावर बांधत नसत. माडांच्या मागे, वाळूच्या उंचवट्याच्या आत, चिऱ्याच्या भिंती आणि उतरतं कौलारू छप्पर. जूनच्या आधी पडवीला माडाची झापं बांधायची, म्हणजे पावसाचा मार आत येत नाही. किनाऱ्यावरचे शॅकसुद्धा मेअखेर उतरवतात. त्या समुद्रासमोर काचेची भिंत उभी करायची तर दरवर्षी तिच्यावर पैसा ओतायची तयारी हवी, आणि पावसाळाभर तिथं कुणीतरी राहायला हवं. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्यांसाठी ते घर नाही, असं माझं तेव्हा मत झालं आणि आजही तेच आहे.

एजंटने पुढची हिरवळ दाखवत ती घराचीच म्हणून सांगितली. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा 1991 मध्ये निघाली, मग 2011 आणि 2019 मध्ये बदलली. भरतीच्या कमाल रेषेपासून किती अंतरात बांधता येतं आणि किती अंतरात काहीच बांधता येत नाही हे तीत ठरलेलं आहे. हिरवळीत एक लाकडी ओटा आणि दिव्यांची रांग होती. मी त्यांच्या परवानगीचा कागद मागितला. तो पुढच्या वेळी दाखवतो म्हणाला. दिव्यांबद्दलही मी बोललो. दक्षिण गोव्यात गालजीबाग आणि आगोंदला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाकडे जातात. त्यांचा उजेड म्हणजे पाण्यावरचा. घरांचे दिवे त्यांना उलट्या दिशेला ओढतात आणि ती वाळूतच मरतात. समुद्र दिसावा म्हणून घर घ्यायचं आणि समुद्रातलं जीवन आपल्याच दिव्यांनी मारायचं, हे मला सहन होत नाही.

दाजींनी तोवर एकच गोष्ट लावून धरली होती. ‘सातबारा दाखवा.’ गोव्यात त्याला फॉर्म एक आणि चौदा म्हणतात. एजंटने प्रत काढून दिली. दाजींनी चष्मा लावून रकाने वाचायला सुरुवात केली. कब्जेदार वाचून झाला, आणि कुळाच्या रकान्यावर ते थांबले. तिथं एक नाव होतं.

‘हे कोण?’

‘तो विषय मिटलाय काका.’

‘मिटल्याचा कागद?’

कागद नव्हता. एजंट म्हणाला, इथं असंच असतं, नाव नुसतं राहून गेलंय. दाजींनी प्रत घडी करून परत दिली आणि म्हणाले, ‘आमचं बी नाव असंच एका रकान्यात राहिलं होतं. म्हणून आज आमच्याकडं रान आहे.’

हे मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं आणि 1950 मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. दाजींचे आजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते. संरक्षित कूळ म्हणून त्यांची नोंद झाली आणि पुढं त्या नोंदीवर जमीन नावावर झाली. मधल्या काळात ती नोंद खोडायला कितीजण आले, काय काय दाखवलं, हे घरात अजून सांगतात. गोव्यात असाच कायदा 1964 मध्ये झाला आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळायची वाट उघडली. पण समुद्राकाठच्या जमिनीला मोल आल्यावर त्या रकान्यातली नावं सगळ्यांच्याच वाटेत येऊ लागली. गोवा-सिंधुदुर्गच्या सीमेवर तेरेखोलला 18 होलांचं मैदान आणि रिसॉर्ट करायचा बेत निघाला, तेव्हा गावातल्या कुळांनी जमिनीवर हक्क सांगितला. 2014 मध्ये यंत्रं आली तेव्हा गावकरी आडवे गेले आणि प्रकरण न्यायालयात पोचलं. छोटंसं गाव ते, किल्ल्याच्या पायथ्याशी, काजू आणि माडांवर जगणारं. ज्यांनी तिथं पिढ्यान्‌पिढ्या झाडं लावली त्यांना विचारल्याशिवाय त्या जमिनीवर हिरवळ अंथरता येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मी दाजींना कुंपणापलीकडच्या वाड्यावर नेलं. तिथल्या एका बाईंच्या अंगणात विहीर आहे, त्या तिला बांय म्हणतात. त्यांनी चहा दिला आणि सांगितलं की हल्ली एप्रिल लागला की पाणी मचूळ होतं. जमिनीतलं गोड पाणी उपसून खाली गेलं की समुद्राचं खारं पाणी त्याच्या जागी आत सरकतं. उपसा एकट्या मैदानाचा नव्हता, हॉटेलं होती, पोहण्याचे तलाव होते, अशी नवी घरंही होती. ताईने विहिरीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, ‘हिच्या पाण्यावर आपण घर नाही घ्यायचं.’ समुद्र पाहून सगळ्यांत जास्त हरखलेली तीच होती.

भाचा नाराज झाला. त्याचं म्हणणं, पेबल बीचलाही पाण्याची टंचाई आहे, म्हणून तर तिथं 1994 पासून सांडपाणी शुद्ध करून गवताला देतात. हे खरं आहे, आणि मी त्याला तेच म्हटलं: आपल्याकडेही हाच नियम सक्तीचा व्हायला हवा. जिथं शुद्ध केलेलं सांडपाणी वर्षभर पुरत नाही तिथं गोल्फ मैदानाला परवानगी देऊ नये, आणि गवतासाठी बोअरला तर मुळीच नाही. मी या कामात राहिलेला माणूस आहे, हा खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये तो समुद्राकाठच्या वाळूवर, आपोआप उगवणाऱ्या गवतावर सुरू झाला. तिथलं आभाळ त्याला पाणी देतं. आमच्या किनाऱ्यावर पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने कोरडं असतं.

त्या जुलैत भाचा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला तेच घर बाहेरून दाखवलं. लाटा हिरवळीच्या कडेला लागत होत्या, काचेवर मिठाचा थर होता आणि ओट्याच्या फळ्या सुटल्या होत्या. तो फार बोलला नाही. मग म्हणाला, ‘मामा, आईला समुद्र तर हवाच आहे.’

म्हणून आता शोध सिंधुदुर्गात चालू आहे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, किनाऱ्यापासून आत. जुनं चिऱ्याचं घर आणि थोडी वाडी, जिथून समुद्र चालत जाऊन बघता येईल. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन घेता येत नाही आणि महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच मिळते, त्यामुळे व्यवहार दाजींच्या नावाने होईल. एक घर बरं वाटलं आहे. सातबारावर कुणाचं जुनं नाव नाही ना, हे दाजींनी तलाठ्याकडे जाऊन आधीच पाहिलं. विहीर पाहायला आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार आहोत, आणि पाणी चाखून बघायला ताईही येते आहे.