तेरची पांढर

तेरमध्ये पाहण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक मातीचं आहे. धाराशिव जिल्ह्यातलं हे तेरणाकाठचं गाव. सभोवार काळीभोर रानं आणि वस्तीला लागून पांढरीची टेकाडं. भिंत पडते, चुलीतली राख साचते, घागर फुटते आणि त्याच ढिगावर नातवंडं पुन्हा घर उभं करतात. असं दोन हजार वर्षं चाललं, की गाव आपल्याच केराकचऱ्यावर उंच होत जातं. पावसाळ्यात ही टेकाडं धुपतात. मग कुणाच्या पायाखाली मणी येतो, कुणाला शंखाच्या बांगडीचा तुकडा मिळतो, कुणाला गंजकं नाणं.

नकाशावर शोधणाऱ्यांना मात्र हे गाव लवकर सापडलं नाही. पहिल्या शतकात कुणा निनावी माणसानं ग्रीक भाषेत सागरी व्यापाराची एक वही लिहिली, ‘पेरिप्लस’. तीत भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर आहे. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर म्हणजे कोणतं गाव, यावर पंडितांनी देवगिरी धुंडाळली, जुन्नर धुंडाळलं. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तेरवर बोट ठेवलं, आणि पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथल्या अवशेषांचं वर्णन केलं. मला या वादात पंडितांपेक्षा बैल जास्त भरवशाचे वाटतात. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. भरल्या गाडीचे बैल दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर चालणार. झाले की दहा मुक्काम! दिशा तेवढी पूर्वेऐवजी आग्नेय निघते. पण बंदरावर बसून ऐकीव माहिती टिपणाऱ्याला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

तगरचा तोरा पुढे कित्येक शतकं टिकला. शिलाहार राजे राज्य करत कोकणात, कोल्हापुरात. पण बिरुद मिरवत ‘तगरपुरवराधीश्वर’. पुण्या-मुंबईत तिसरी पिढी नांदत असली, तरी लग्नपत्रिकेवर मूळ गाव छापायचंच, तसंच हे.

तेरच्या मातीतून वर आलेलं गोळा करण्याचं वेड रामलिंगप्पा लामतुरे यांना लागलं. हजारो वस्तू त्यांनी जमवल्या, आणि आज त्यांच्या नावानं गावात शासकीय संग्रहालय उभं आहे. हस्तिदंताची एक छोटीशी स्त्रीमूर्ती तेरला सापडली. तिच्याच जातकुळीची दुसरी इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळाली. हा योग सगळे सांगतात. मला मात्र जास्त मजा वाटते ती रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकलांची. सोन्याचं नाणं परवडायचं कुणाला? म्हणून साच्यातून मातीची चकती काढायची, दोरा ओवायला भोक ठेवायचं आणि गळ्यात घालायची. रोमच्या सम्राटाला कल्पनाही नसेल, की आपला मुखवटा तेरणेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाईच्या गळ्यात लोंबतोय.

त्रिविक्रमाचं देऊळही विटांचंच. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. हा घाट बौद्ध चैत्याचा, आणि मूळचा हा चैत्यच असावा, असं कझिन्स यांचं मत. आंध्रात चेझर्ला इथे याच घडणीचं एक मंदिर आहे. पण अशा वास्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. पुढचा मंडप मागाहून जोडलेला. आत पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे, बळीला पाताळात घालणारा. बुद्ध गेला कधी आणि विष्णू आला कधी, याची विटांनी नोंद ठेवलेली नाही. इथल्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत तूस कालवून वीट भाजली, की तूस जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. करणी कसबी कुंभारांची, पण ऐकणाऱ्याला चमत्कारच हवा असतो.

आणि कुंभार म्हटलं की गोरोबाकाका. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नादात पायाखाली पोटचं पोर गेलं, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ती ऐकताना भक्तीपेक्षा त्या आईकडेच माझं लक्ष जातं. कीर्तनकार तिला फार लवकर ओलांडून पुढे जातात. थापटण्याची गोष्ट मला अधिक आवडते. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून मडकी पारखली, आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. ज्ञानेश्वर बसलेले असताना न्यायनिवाडा कुंभाराकडे, आणि तोही त्याच्या धंद्याच्या हत्यारानं! शके 1239 च्या चैत्र वद्य त्रयोदशीला काकांनी समाधी घेतली. ती नदीकाठी आहे, चैत्रात तिथे यात्रा भरते.

याच तेरणेच्या खालच्या अंगाला किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिथे दगड-मातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेरच्या मातीचं कौतुक करताना तो दिवस वगळता येत नाही.

पांढरी शेताला मानवते, हे मराठवाड्यातला शेतकरी जाणतो. जुन्या पांढरी खणून गाड्याच्या गाड्या रानात पसरण्याची रीत राज्यभर होती. पुरातत्त्ववाले कपाळाला हात लावत. त्यांचंही बरोबर, पण दोन हजार वर्षांच्या राखेनं काळीला जोर येत असेल, तर शेतकऱ्यानं का थांबावं? आता त्या रानांत सोयाबीन असतं. तगरचं कापड भडोचला पोचायला महिना लागे. सोयाबीनचा टेम्पो सकाळी निघतो, दुपारच्या आत लातूरच्या आडतीवर उभा राहतो. भाव तिथे गेल्यावर कळतो.