कुरव, कचरा आणि नळाचं पाणी

आमच्या जुन्या जालन्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी समुद्रपक्ष्यांशी आमचं पाण्याचं नातं आहे. जालन्याला पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी येतं, आणि हिवाळ्यात त्याच नाथसागरावर कुरव उतरतात. कुरव म्हणजे सीगल. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो.

परवा फोनवर आई म्हणाली, "ते पक्षी पाण्यात घाण करतात, अन् आपण तेच पितो का रे?"

प्रश्न रास्त आहे. कुरवांच्या विष्ठेत साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, ई. कोलाय असे जिवाणू सापडतात. पक्षी बहुधा ठणठणीत असतो, पण माणसाच्या पोटात ते गेले तर जुलाब, उलट्या, ताप. न्यूयॉर्क शहराने तर १९९० च्या दशकापासून आपल्या केन्सिको जलाशयावरून कुरव आणि बदकं हुसकावायला माणसं नेमली आहेत!

पण घाबरायचं कारण नाही. हे जिवाणू क्लोरीनने मरतात, पाणी उकळलं तरी मरतात. खरी भीती शुद्धीकरणानंतरची. नळ काही दिवसांआड येतो तिथे पाइप मधल्या काळात रिकामे राहतात आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. त्यात कुरवाचा काय दोष?

आता गंमत बघा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना तिथल्या कुरवांपैकी २० टक्क्यांहून जास्त पक्ष्यांमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय सापडले. कुरव काही मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या घेत नाही. तो आपल्या कचराडेपोवर आणि सांडपाण्यावर जेवतो. म्हणजे माल आपलाच, तो फक्त इकडून तिकडे पोचवतो. आणि त्याला पंख आहेत, हद्द नाही.

एलिफंटाच्या बोटीवर लोक हौसेने कुरवांना वेफर्स भरवतात आणि त्याच हाताने उरलेले स्वतः खातात. तेवढं टाळा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने उचलू नका.

आईला सांगितलं, पाणी उकळून पी. आणि सर्दी झाली की मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक घेतेस ना, ते आधी बंद कर. यावर ती एकदम गप्प. मग म्हणाली, "जेवलास का?"